नऊ छर्रे आणि एक खलिता : खंदकातली पंप बंदूक जर्मनीला एवढी का झोंबली?

खंदकातला उंदीर :
मंडळी, आठवडाभर एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून धागा काढतोय.

१९ सप्टेंबर १९१८. पहिलं महायुद्ध संपायला ५३ दिवस उरलेत. जर्मनी स्वित्झर्लंडमार्फत अमेरिकेला निषेधाचा खलिता धाडते. विषय काय, तर अमेरिकन शिपाई खंदकात शॉटगन, म्हणजे छर्‍यांची बंदूक, वापरतात. हेगच्या युद्धनियमांचं कलम २३(ई) (अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई) पुढे केलेलं, आणि सोबत धमकी : अशी बंदूक किंवा तिची नुसती काडतुसं ज्या कैद्याजवळ सापडतील, तो जिवाला मुकेल.

आता गंमत बघा. हेच जर्मन २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन वायू सोडून मोकळे झालेले. आगीचे फवारे मारणारी यंत्रंही वापरून झालेली. आणि झोंबलं काय, तर बारा बोअर! जी घेऊन अमेरिकेतला शेतकरी बदकांमागे फिरतो.

ही बंदूक म्हणजे मुख्यतः विंचेस्टर या अमेरिकन कंपनीची पंप बंदूक, मॉडेल १८९७, नळी आखूड करून पुढे संगीन बसवलेली. तिला ट्रेंच गन म्हणत. माझा प्रश्न सरळ आहे. ती खरंच एवढी भयंकर होती की हा निव्वळ कांगावा होता?

अवांतरवाडी :
पहिला! वाचतोय. बारा बोअर म्हणजे आमच्या ऑफिसातली सोमवारची मीटिंग. बरोबर बारा जण असतात.

पिठलं-भाकरी :
हेच लिहायला आले होते :) पण खरंच, ते बारा म्हणजे बारा काय? बाराच छर्रे असतात का?

गंजलेला घोडा :
@पिठलं-भाकरी, छर्‍यांचा त्या बाराशी काही संबंध नाही. एक पौंड शिसं घ्या आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअर. नळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोअर बारापेक्षा बारीक असते, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं.

आता धाग्याबद्दल. उंदीरराव, ‘भयंकर होती का’ हे ठरवायचं तर ती चालायची कशी ते आधी बघावं लागेल.

खंदकाच्या लढाईत शिपायाची खरी अडचण त्याच्याच रायफलीची. जर्मनांची रायफल सव्वा मीटर लांब, वर संगीन. नेम धरून चारशे मीटरवरचा माणूस टिपायला उत्तम. पण खंदक नागमोडी, रुंदी दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतील एवढी. वळणावर समोरासमोर गाठ पडली की ती लांब काठी वळवेपर्यंत खेळ खलास. रात्रीच्या छाप्यांत लोक सोटे, सुऱ्या, धार लावलेली फावडी घेऊन जायचे ते उगाच नाही.

तिथे ही आली. नळी २० इंच. नळीखालच्या नळकांड्यात पाच काडतुसं, एक चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून बार उडतो). म्हणजे सहा बार. लष्करी काडतुसात नऊ मोठे छर्रे, प्रत्येक साधारण साडेआठ मिलिमीटरचा, जवळपास पिस्तुलाच्या गोळीएवढा. बदकं मारायचे बारीक दाणे नव्हेत हे! डाव्या हाताने पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि घोडा (काडतुसावर आपटणारा हातोडा) चढलेला, पुढे ढकलली की नवं काडतूस आत.

आणि खरी मेख पुढे आहे. आजकालच्या पंप बंदुकीत प्रत्येक बाराला चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो, कारण तशी अडवणारी कळ आत असते. मॉडेल १८९७ मध्ये ती नाहीच. चाप दाबूनच धरा आणि नुसती मूठ मागेपुढे करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) जागेवर बसला रे बसला की घोडा पडतो. हात चालेल तेवढ्या वेगाने बार. सहा नव्वे चोपन्न छर्रे, तीन-चार सेकंदांत, दहा हातांवरच्या वळणात. आता तुम्हीच ठरवा भयंकर का ते.

खंदकातला उंदीर :
घोडेराव, दंडवत. तीन-चार सेकंदांत चोपन्न हे डोक्यात बसलं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंच.

कावळा :
मिळालं नाही. थोडं थंड पाणी ओततो.

सहा बार झाले, पुढे काय? पुढे एकेक काडतूस अंगठ्याने खालून नळकांड्यात सारत बसायचं, अंधारात, चिखलाच्या हातांनी. रायफलवाला पाच गोळ्यांची क्लिप एका दाबात भरतो. शिवाय पन्नास मीटरपलीकडे छर्रे विखुरतात, मग तिचा उपयोग हूल देण्यापुरता. आणि रायफलींच्या मानाने या बंदुका आघाडीवर होत्याच किती? मूठभर. आंतरजालावर मात्र असं चित्र उभं करतात की जणू अमेरिकेने पहिलं महायुद्ध शॉटगनच्या जोरावर जिंकलं. सगळा गेम खेळणाऱ्या पोरांचा इतिहास आहे हा.

सदाशिव_पेठ_शाखा :
कावळेबुवा, गेम खेळणाऱ्या पोरांमुळेच तर तुम्हाला कुणीतरी वाचतंय :D

बाय द वे, त्यात दाखवतात की अमेरिकन नेमबाज वरून येणारे हातगोळे हवेतल्या हवेत शॉटगनने उडवायचे. ते खरं का? तबकड्या फोडणारे खेळाडू मुद्दाम भरती केले होते म्हणे.

गंजलेला घोडा :
ती गोष्ट शंभर वर्षं फिरतेय. ऐकायला झकास. पण प्रत्येक जण दुसऱ्याकडून ऐकलेली सांगतो, मी स्वतः उडवला म्हणणारा कुणी भेटत नाही. मी ती कट्ट्यावरच्या गोष्टींत टाकतो.

कावळ्याचं भरण्याबद्दलचं म्हणणं मान्य. शंभर टक्के. अंतराचंही मान्य.

आंब्याची कोय :
काडतुसांचा विषय निघालाच आहे तर घरचा अनुभव सांगतो, मुद्द्याशी जुळतो.

आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दुनळी होती. गाव देवगड तालुक्यात, बाग डोंगराला लागून. माकडांचा उच्छाद. आजोबा हवेत एक बार काढायचे, टोळी पळायची आणि अर्ध्या तासात परत यायची. दोघांनाही तो कार्यक्रम पाठ झालेला.

त्या काळी काडतुसं कागदी. बुडाला पितळेची टोपी आणि वर जाड पुठ्ठ्याची मेण लावलेली नळी. आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत घरात मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या चपलेला बुरशी येते. आजोबा काडतुसं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे, आजी रोज भात काढताना वैतागायची. एका वर्षी चुलत्यांनी चार काडतुसं रेनकोटच्या खिशात विसरली. दोन दिवसांनी आजोबा ती नळीत घालायला गेले तर अर्ध्यावर जाऊन अडकली. पुठ्ठा फुगून बोटाला मऊ लागत होता, शेवग्याची शेंग आमटीत राहिल्यावर लागते तसा. एक तर आतच बसलं, ते बाहेर काढायला आजोबांनी नळीत पुढून वेळूची काठी घातली आणि सगळ्यांना पडवीतून हाकललं. माकडं तेवढा वेळ वर बसून बघत होती.

हे आठवलं कारण फ्रान्सच्या खंदकात गुडघाभर पाणी. तिथे कागदी काडतुसांचं काय होत असेल?

गंजलेला घोडा :
अगदी तेच झालं! कोयराव, तुमच्या आजोबांची आणि अमेरिकन शिपायाची तक्रार एकच. कागदी काडतुसं ओलीने फुगून अडकायची, खिशात घासून तोंडं उकलायची. म्हणून पुढे संपूर्ण पितळी काडतुसं करायला घेतली, पण तोवर युद्ध आटोपत आलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर कागदाने पुन्हा तोच त्रास दिला आणि पितळी काडतूस पुन्हा आलं.

दुनळीत एक बरं, फुगलेलं काडतूस निदान डोळ्यांना दिसतं. पंपमध्ये नळकांड्यातलं दुसरं काडतूस फुगलं तर पहिला बार काढेपर्यंत पत्ता लागत नाही. आणि मग लागतो तो समोर जर्मन असताना.

पिठलं-भाकरी :
तांदळाच्या डब्यात काडतुसं... आमच्याकडे मोबाइल पाण्यात पडला की ठेवतात. आजोबा काळाच्या पुढे होते.

हडसनकाठचा :
मी न्यूयॉर्क राज्यात राहतो. हडसनच्या काठाने ट्रेनने जाताना नदीत एका बेटावर पडका किल्ला दिसतो. पाहुणे आले की हमखास विचारतात, इथे कुठला राजा होता? राजा कुठला, लष्करी भंगाराचा व्यापारी! फ्रान्सिस बॅनरमन. आणि त्याचा या धाग्याशी थेट संबंध आहे.

पहिली यशस्वी पंप शॉटगन विंचेस्टरची नव्हेच. क्रिस्टोफर स्पेन्सर म्हणून एक यंत्रज्ञ होता. अमेरिकन यादवीत गाजलेली स्पेन्सर रायफल याचीच, १८६३ मध्ये त्याने ती खुद्द लिंकनच्या हातात दिली होती. याने सिल्व्हेस्टर रोपरबरोबर १८८२ च्या सुमारास पंप शॉटगन केली. बंदूक चांगली, धंदा बुडाला. १८९० मध्ये बॅनरमनने सगळं विकत घेतलं, पेटंटसकट, आणि त्या बंदुका स्वतः काढू लागला.

१८९३ मध्ये विंचेस्टरची पंप शॉटगन बाजारात आली, जॉन ब्राउनिंगच्या डोक्यातून निघालेली. बॅनरमनने ठोकला दावा : पेटंट माझं आहे! विंचेस्टरच्या लोकांनी काय करावं? युरोपातल्या पेटंट कचेऱ्या धुंडाळल्या. १८५४ चं अलेक्झांडर बेनचं ब्रिटिश पेटंट सापडलं, आणखी काही जुनी सापडली. म्हणजे पुढेमागे करायची मूठ ही कल्पना स्पेन्सरच्याही आधीची. बॅनरमन हरला. ते साल १८९७, त्याच साली मॉडेल १८९७ बाजारात. हा योगायोग मला भारी आवडतो.

बॅनरमन पुढे लष्करी माल विकून गबर झाला. न्यूयॉर्क शहरात एवढा दारूगोळा ठेवू देईनात म्हणून नदीतलं बेट घेतलं आणि त्यावर स्कॉटिश थाटाचा किल्ला बांधला. १९२० मध्ये तिथल्या दारूचा स्फोट झाला आणि किल्ल्याचा काही भाग उडाला. तो वारला होता १९१८ मध्येच, म्हणजे ज्या कंपनीने त्याला कोर्टात हरवलं तिची बंदूक खंदकात गाजली त्याच साली.

अवांतरवाडी :
जुन्या बाजारातल्या भंगारवाल्याला आता मी वेगळ्या नजरेने बघेन.

सदाशिव_पेठ_शाखा :
९३ आणि ९७ मध्ये फरक काय? चार वर्षांत नवीन मॉडेल का काढलं?

गंजलेला घोडा :
बिनधुराची दारू. ९३ काळ्या दारूसाठी बेतलेली. नवी दारू आली, दाब वाढला, ते ९३ च्या अंगाला झेपेना. ९७ चं अंग मजबूत केलं आणि चेंबर पावणेतीन इंची काडतुसाला पुरेल एवढं केलं. ती १९५७ पर्यंत निघत होती, साठ वर्षांत दहा लाखांवर बंदुका.

ब्राउनिंगबद्दल एक किस्सा. विंचेस्टर त्याला डिझाइनचे एकरकमी पैसे द्यायची, बंदुकीमागे रॉयल्टी नाही. त्याने आपोआप भरणारी शॉटगन केली तेव्हा तो रॉयल्टीवर अडून बसला आणि वीस वर्षांचं जमलेलं फिसकटलं. मग तो रेमिंग्टनकडे गेला. ८ जानेवारी १९०२, हा बाहेर भेटीची वाट बघत बसलेला आणि आत रेमिंग्टनचा अध्यक्ष मार्सेलस हार्टली हृदयविकाराने गेला. ब्राउनिंग उठला आणि बंदूक घेऊन थेट बेल्जियमला गेला. तिथल्या एफएन कंपनीने ती हातोहात घेतली.

वकिली किडा :
किस्से छान चाललेत, पण मूळ प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. लावतो.

कलम २३(ई) म्हणतं की अनावश्यक यातना व्हाव्यात अशी शस्त्रं, गोळे किंवा साधनं वापरायला विशेष मनाई आहे. इथे शब्दांची एक गंमत आहे. नियमावलीचा अधिकृत मसुदा फ्रेंच. तो १८९९ आणि १९०७ मध्ये जवळपास तोच राहिला, पण इंग्रजी भाषांतर बदललं. १८९९ च्या इंग्रजीत ‘ज्यांच्या स्वरूपामुळेच जादा इजा होते अशी’ या अर्थाचे शब्द होते, १९०७ मध्ये ‘अनावश्यक यातना द्यायच्या बेताने केलेली’ अशा अर्थाचे आले. पहिल्यात शस्त्राचा स्वभाव, दुसऱ्यात करणाऱ्याचा हेतू. वकिलाला एवढी फट पुष्कळ झाली.

जर्मनांच्या हाती पुरावा होता. २१ जुलै १९१८ ला लोरेनमधल्या बाकारा भागात अमेरिकेच्या ७७ व्या डिव्हिजनचा शॉटगनवाला शिपाई पकडला गेला. ११ सप्टेंबरला व्हिलेर-आँ-एजवळ ५ व्या डिव्हिजनचा दुसरा. आठवड्याने खलिता निघाला.

अमेरिकेत हे प्रकरण हंगामी जज अॅडव्होकेट जनरल (लष्कराचे मुख्य कायदा अधिकारी) सॅम्युएल अॅन्सेल यांच्याकडे गेलं. २६ सप्टेंबरला त्यांनी टिपण दिलं. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : शिपायाला जखमी करणं हे युद्धात गृहीतच आहे, प्रश्न फक्त एवढाच की यातना लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी आहेत का. तोफेचा श्रॅपनेल गोळा फुटला की शेकडो गोळ्या एकदम अंगावर येतात, तो तर सगळेच वापरतात. मग नऊ छर्रेच बेकायदा कसे? २८ तारखेला परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांचं उत्तर गेलं. बंदूक कायदेशीर आहे, वापर चालूच राहील, आणि आमच्या एकाही शिपायाला यावरून मारलंत तर जशास तसं होईल.

धमकीप्रमाणे कुणाला मारल्याची नोंद नाही.

पिठलं-भाकरी :
वकिली किडा, उत्तम! पण फुटणाऱ्या गोळ्यांवर बंदी होती ना? दमदम का काय ती? छर्रे त्यात बसत नाहीत?

वकिली किडा :
नाही बसत. दमदम म्हणजे शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी. नाव आपल्याच दमदमचं, जिथे आज कोलकात्याचा विमानतळ आहे. तिथल्या इंग्रजांच्या कारखान्यात ती निघाली. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर वेगळा जाहीरनामा झाला आणि अमेरिकेने त्यावर सहीच केली नाही. शिवाय छर्रा म्हणजे साधी शिशाची गोळी, मुद्दाम पसरावी म्हणून घडवलेली नव्हे. म्हणून तर जर्मनांना मोघम २३(ई) वर यावं लागलं.

मावळा_इन_मेलबर्न :
आपल्या मराठा पलटणींकडे होत्या का शॉटगन?

गंजलेला घोडा :
नाही. मेसोपोटेमियात ११७ वी मराठा, ११० वी मराठा, सगळ्यांच्या हातात इंग्रजांची ली-एन्फील्ड रायफल. शॉटगनचं खूळ अमेरिकेचंच. तेही १९१७ मध्ये एकाएकी आलेलं नव्हे. १९०० च्या सुमारास फिलिपिन्समध्ये त्यांनी सुमारे २०० शॉटगन घेतल्या होत्या. तिथल्या दाट झाडीत तिथले मोरो जमातीचे लढवय्ये बोलो (कोयत्यासारखा मोठा सुरा) घेऊन हातभर अंतरावरून अंगावर यायचे. पर्शिंग तिथे होता. तोच पर्शिंग पुढे फ्रान्समधल्या अमेरिकन सैन्याचा सेनापती. जोडा आता टिंबं.

फौजदाराची लेक :
बाबा पोलिसात होते, त्यामुळे आमच्याकडे बंदुकांची भाषा कानावर पडायची. ते नेहमी ‘चारशेदहा मस्केट’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं तिला चारशे दहा भाग असतात.

मोठेपणी कळलं, ती .४१० बोअरची एकबारी. दिसायला हुबेहूब ली-एन्फील्ड, कारण तीच रायफल इशापूरच्या बंदूक कारखान्यात नळी गुळगुळीत करून बदललेली. एका वेळी एकच काडतूस. इंग्रजांना पोलिसाच्या हातात बंदूक तर हवी होती, पण ती फार लांब जायला नको होती आणि फार वेळा उडायला नको होती. म्हणजे त्याच दशकांत अमेरिका शिपायाला सहा बारांची पंप देत होती आणि इथे चांगल्या रायफलीचे दात काढून ती शिपायाला देत होते. बाबांचं मत, ती बंदूक समोरच्यापेक्षा आपल्याच शिपायाला धाकात ठेवायला जास्त होती.

कोल्हापुरी_ठसका :
काश्मीरमध्ये २०१० पासून जी पेलेट गन वापरतात तीही पंपच आहे की. यातना, डोळे, २३(ई)... तो प्रश्न आज नाही का?

धागाचालक :
ठसका, त्या विषयावर वेगळा धागा चालू आहे आणि तिथे पुष्कळ तापलंय. कृपया तिकडे लिहा. इथे १९१८ च राहू द्या.

नीलिमा_न्यूहेवन :
उशिरा आले, पण मला यायलाच हवं. मी न्यू हेवनमध्ये राहते, जिथे ही बंदूक तयार व्हायची. विंचेस्टरचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. त्याच्या काही इमारतींत आता भाड्याचे फ्लॅट आहेत, विटांच्या भिंती आणि मोठ्या खिडक्या तशाच ठेवून. माझी मैत्रीण तिथे राहते. हळदीकुंकवाला गेलो होतो, वाण लुटून झाल्यावर तिच्या नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, इथे रायफली बनायच्या! एका काकूंनी हातातला तिळगूळ खाली ठेवला.

गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर एका गन शोला गेले होते, केवळ कुतूहल म्हणून. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे खरी ट्रेंच गन होती. नळीवर भोकांचं पत्र्याचं आवरण, भोकांच्या सहा रांगा. त्याने आधी मला त्या मोजायला लावल्या. सहा रांगा असतील तर जुनी, चार असतील तर दुसऱ्या महायुद्धातली. ते आवरण नळी तापल्यावर डाव्या हाताला चटका बसू नये म्हणून. संगीन लावून भोसकायचं तर नळीलाच धरावं लागतं ना. संगीन १७ इंच पात्याची, १९१७ च्या एन्फील्ड रायफलीची. ती बाजूला ठेवली होती, आमच्या घरातल्या विळीच्या पात्याहून लांब.

त्याने बंदूक रिकामी आहे हे दोनदा दाखवलं आणि हातात दिली. साडेतीन किलोवर असेल. चाप ओढला, घोडा खट्कन पडला. मग मूठ मागे ओढायला गेले तर हलेचना. मला वाटलं मोडली! तो हसला. म्हणाला, आधी जरा पुढे ढकल. पुढे अगदी नखभर सरकली आणि कुलूप सुटलं. खरा बार झाला की धक्क्यानेच ते पुढे ढकलणं होतं, नुसता घोडा पाडला तर हाताने करावं लागतं. आणि मूठ मागे ओढली तेव्हा बोल्ट चक्क मागून बाहेर आला, माझ्या अंगठ्याच्या वरून! अंगठा जरा वर असता तर सालपट गेलं असतं. त्याच्या स्वतःच्या अंगठ्याच्या बेचक्यात जुना वण होता, तो त्याने अभिमानाने दाखवला.

आणि आवाज. खूप सैल, खडखडीत. जुन्या एसटीचं दार ओढल्यासारखा.

आंब्याची कोय :
ताई, हे वाचून मला आजोबांच्या दुनळीचा वास आला. खोबरेल आणि दारूचा.

कावळा :
नीलिमा, झकास. मी आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उंदीरराव गप्प झालेत.

घोडेरावांनी पहिल्याच उत्तरात खंदकाची अडचण नेमकी सांगितली. लांब रायफल, अरुंद वळण. ती अडचण जर्मनांचीही होती. त्यांनी काय केलं? १९१८ मध्येच त्यांनी एमपी १८ आणली, आखूड, पिस्तुलाच्या गोळ्या सलग ओकणारी, ३२ गोळ्यांच्या गोल डब्याची. एकाच वर्षी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं, आणि पुढच्या युद्धात सगळ्यांनी जर्मनांचंच उत्तर उचललं. मग ज्याच्या हातात एमपी १८ आहे त्याने नऊ छर्‍यांना क्रूर म्हणावं, याचा अर्थ काय? मला तरी हा कांगावाच दिसतो. तारखा बघा. २८ ला लॅन्सिंगचं उत्तर, आणि २९ ला जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ कैसरला (जर्मन सम्राटाला) सांगतोय की ताबडतोब युद्धबंदी मागा. बुडत्याच्या हाती लागलेली काडी.

वकिली किडा :
कांगावा असेल, पण पोकळ नव्हता. शस्त्र निरुपयोगी असतं तर बर्लिनने शाई वाया घालवली नसती. खंदकातून काहीतरी तक्रार वर गेली असणारच.

हडसनकाठचा :
मला तिसरंच वाटतं. वायू, तोफा, मशीनगन, हे सगळं ‘युद्धाचं’. शॉटगन घरातली. जर्मन शिपायांतही शेतकरी होते, शिकारी होते, त्यांनी सशावर छर्रे झाडलेले होते. त्या छर्‍यांनी सशाचं काय होतं ते प्रत्येकाने हाताने सोलताना पाहिलेलं. क्लोरीनने काय होतं ते कुणी घरी पाहिलं नव्हतं.

कावळा :
हे पटण्यासारखं आहे. पुराव्याने सिद्ध होणार नाही, पण पटण्यासारखं आहे.

खंदकातला उंदीर :
गप्प नव्हतो, वाचत होतो. हडसनकाठचा, सशाबद्दलचं वाचून चहा बाजूला ठेवला. आमच्या मामाकडे लहानपणी पाहिलंय ते. जेवताना दातांखाली छर्रा आला होता माझ्या. ताटलीत टाकला तेव्हा टिण् वाजला, आणि मामा म्हणाला, राहिला वाटतं एक.

धाग्याच्या शीर्षकात ‘भयंकर’ घालणार होतो, ‘झोंबली’ घातलं. तेच बरं झालं.

सदाशिव_पेठ_शाखा :
नीलिमाताई, एक राहिलं. केवढ्याला होती ती?

नीलिमा_न्यूहेवन :
विचारलं मी. त्याने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग बंदूक परत काचेच्या कपाटात ठेवली.